आठवड्याला एक गोळी : डॉ. नित्य आनंद यांचे संशोधन
(वर्धापनदिनी विहारात दिलेले भाषण)



समितीने आम्हाला विषय दिला 'विज्ञान आणि आपले आरोग्य'. विषय मोठा, वेळ थोडा. म्हणून एकाच माणसाबद्दल आणि त्याच्या एका गोळीबद्दल बोलायचे ठरवले आहे. माणसाचे नाव डॉ. नित्य आनंद. फारसे कुणी ऐकले नसेल. औषधाच्या पाकिटावर कंपनीचे नाव असते, रसायन घडविणाऱ्याचे नसते.

आपण भाईंदरहून गाडी पकडतो, दादरला उतरून राजगृहावर जातो. तिथून माटुंग्याच्या दिशेने थोडे पुढे गेले की यूडीसीटी लागते, आता तिला आयसीटी म्हणतात. १९२५ साली लायलपूरला (आजचे पाकिस्तानातले फैसलाबाद) जन्मलेले आनंद या संस्थेत डॉ. के. वेंकटरामन यांच्या हाताखाली शिकले आणि १९४८ साली मुंबई विद्यापीठाचे पीएच.डी. झाले. मग केंब्रिजला अलेक्झांडर टॉड यांच्याकडे दुसरी पीएच.डी. केली. परत आले ते १९५१ मध्ये लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत. संस्था नुकतीच सुरू झालेली, तीही छत्तर मंझिल या जुन्या नबाबी वाड्यात.

क्षयरोगावरचे स्ट्रेप्टोमायसीन आपल्या वस्त्यांना चांगले ठाऊक आहे. त्या सुया कितीतरी घरांनी सोसल्या. ते औषध जंतूला मारते कसे, यावर आनंद यांनी अमेरिकेत हार्वर्डला बर्नार्ड डेव्हिस यांच्याबरोबर काम केले. औषध जंतूच्या पेशीचे आवरणच खिळखिळे करते, हे त्यांनी १९६० साली 'नेचर' नियतकालिकात मांडले.

पण आम्हाला बोलायचे आहे ते सेंटक्रोमनबद्दल. दुकानात 'सहेली', सरकारी केंद्रात 'छाया'. बायकांना पाळणा लांबवायचा तर तेव्हा हॉर्मोनची गोळी, तीही रोज. मळमळ, डोकेदुखी, आणि एखादा दिवस चुकला की धास्ती. हॉर्मोन न घालता काही करता येईल का, हा प्रश्न लखनौच्या मंडळींनी घेतला. समजा गर्भाशयात एक कुलूप आहे आणि इस्ट्रोजेन ही त्याची किल्ली. आनंद आणि त्यांचे सहकारी यांनी असा पदार्थ घडवला की तो कुलपात बसतो, पण कुलूप उघडत नाही. त्यामुळे गर्भ रुजायला आतली तयारीच वेळेवर होत नाही. स्त्रीबीज मात्र नेहमीसारखे तयार होते. पदार्थ शरीरातून सावकाश बाहेर पडतो, म्हणून आठवड्याला एक गोळी पुरते.

हे एकट्याचे काम नव्हे, बरं का. सुप्रभात राय रसायनाच्या बाजूने, वेद प्रकाश कंबोज प्राण्यांवरच्या चाचण्यांच्या बाजूने, असे कितीतरी हात लागले. एकेक अणुगट बदलायचा, पुन्हा तपासायचे. १९७६ साली त्यांनी छापलेल्या एका निबंधाच्या मथळ्यातच 'भाग १२' असे आहे! आनंद १९७४ ते १९८४ संस्थेचे संचालक होते. गोळी बाजारात आली १९९१ मध्ये, म्हणजे ते निवृत्त झाल्यावर. आणि सरकारी केंद्रांत 'छाया' नावाने फुकट मिळू लागली ती २०१६ नंतर. पंचवीस वर्षे! संशोधकांना लागलेला वेळ आम्हाला समजतो, हा दुसरा वेळ समजत नाही. तेवढ्या काळात किती मुलींनी पंचविशीच्या आत ऑपरेशनच्या टेबलावर अंग टाकले असेल?

आपल्या समाजाला हा प्रश्न नवा नाही. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईच्या विधानसभेत संततिनियमनाचा ठराव रोहम यांनी मांडला, त्यांचे भाषण बाबासाहेबांनी तयार केले होते. ठराव नामंजूर झाला. तो मंजूर झाला असता तर काय, हा विचार आमच्या मनात नेहमी येतो.

आनंद यांना २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. २७ जानेवारी २०२४ रोजी ९९ व्या वर्षी ते गेले. लहानसहान कितीतरी औषधरसायनतज्ज्ञ त्यांच्या हाताखाली तयार झाले, ते वेगळेच.

आता काही भगिनींनी आधीच चिठ्ठीवर विचारले होते, गोळी घ्यायची कशी? पाळीच्या पहिल्या दिवशी सुरू करायची. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा. रविवारी पहिली घेतली तर दुसरी बुधवारी. तीन महिन्यांनंतर फक्त रविवारी, मग पाळी कधीही येवो. अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते. काहींची पाळी लांबते, त्याने घाबरू नका, पण पंधरा दिवसांवर गेली तर तपासून घ्या. कावीळ, मूत्रपिंडाचा आजार किंवा बीजकोशात गाठी असतील तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नका. बाकीचे आशाताईंना विचारा. आणि पुरुष मंडळींनो, कॅलेंडरवर रविवार-बुधवारला खूण करण्याचे काम तुम्ही केलेत तरी चालेल.