दोरी, दगड आणि घड्याळ

(हिवरा आश्रम, जि. बुलढाणा येथे शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे केलेले भाषण)



मी शिक्षक असताना आमच्या शाळेत विज्ञानसाहित्याचे एक कपाट होते. त्याला सदैव कुलूप असे. भिंग फुटले तर जडसंग्रह नोंदवहीत काय लिहावे, या धास्तीने आम्ही भिंग फळ्यावरच काढीत असू. मुले ती आकृती उतरवून घेत आणि उत्तीर्णही होत. सांगावयास संकोच वाटतो, पण त्या कपाटाची किल्ली माझ्याकडेच असे.

पदार्थविज्ञानाच्या पहिल्या पाठाला कपाटाची गरज नाही. दोरी, दगड आणि सेकंदकाट्याचे घड्याळ पुरे. आधारापासून दगडाच्या मध्यापर्यंत २५ सेंटिमीटर लांबी ठेवावी, लहानसा झोका द्यावा आणि २० आंदोलने मोजावीत. सुमारे २० सेकंद लागतात. मग दुप्पट वजनाचा दगड बांधण्यापूर्वी मुलांना विचारावे, आता वेळ कमी लागेल की अधिक? पुष्कळ मुले 'कमी' म्हणतात. मोठी माणसेही म्हणतात. लांबी तीच ठेवली तर वेळ तेवढाच लागतो. त्यानंतर लांबी १ मीटर करावी. लांबी चौपट होते, वेळ मात्र दुप्पटच, म्हणजे सुमारे ४० सेकंद. एखाद्या गटाचे उत्तर ३८ येईल. ते खोडावयास लावू नये. दगड सोडतानाच 'एक' म्हटले, तर एक आंदोलन कमी भरते, हे त्या गटालाच शोधू द्यावे. माझ्या मते खरा पाठ तेथेच होतो.

आपल्याच जिल्ह्यात लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे उल्काविवर आहे. परातीत बारीक राख पसरून निरनिराळ्या उंचीवरून खडे टाकावेत. खळगा खड्याहून रुंद होतो आणि भोवती राखेचा कठडा उठतो. लोणारला प्रचंड वेगामुळे स्फोट झाला, तो परातीत होत नाही, हेही मुलांना सांगावे.

मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली १६ शाळांत मुलांनी स्वतः प्रयोग करून शिकण्याचा कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे शेकडो शाळांत पसरला. २००२ साली शासनाने तो बंद केला. केवळ शिक्षकांच्या उत्साहावर असे काम टिकत नाही. म्हणून अधिकारी बंधूंना विनंती की, तपासणीच्या वेळी कपाटातील वस्तूंबरोबर मुलांच्या वहीतील आकडेही पाहावेत. फुटलेल्या भिंगांसाठी पंचायतीने दरवर्षी थोडी रक्कम बाजूस ठेवावी.

मी दोरी आणि दोन दगड आणले आहेत. घड्याळ मात्र आपणांपैकी कोणीतरी द्यावे.