कोनाचे एकक आणि गणकयंत्र
(शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व कर्मचारी यांच्या शिबिरातील व्याख्यानाचा मजकूर)



मी कलाशाखेचा पदवीधर. त्रिकोणमितीवर बोलण्याचा माझा अधिकार अल्प आहे, याची मला जाणीव आहे. परंतु शास्त्रीय गणकयंत्र आता मुलांच्या हाती आणि मोबाइलमध्येही आले आहे. त्यातील एक लहानशी खूण दुर्लक्षिली, तर निर्दोष यंत्रही चुकीचे उत्तर देते. म्हणून हे चार शब्द.

या यंत्रात कोनाची तीन एकके असतात. पूर्ण वर्तुळाचे अंश ३६०, ग्रेड ४०० आणि रेडियन सुमारे ६.२८३२. त्रिज्येइतक्या लांबीचा कंस वर्तुळाच्या केंद्राशी जो कोन करतो, तो एक रेडियन. तो सुमारे ५७.३ अंशांचा भरतो. ही कल्पना आपणांस अगदीच परकी नाही. आर्यभटाच्या ज्या-कोष्टकात त्रिज्या ३४३८ कला धरलेली आहे. एका रेडियनच्या कला केल्या असता पूर्णांकात हीच संख्या येते.

पडद्यावरील ‘डी’, ‘आर’ व ‘जी’ ही अक्षरे अनुक्रमे अंश, रेडियन व ग्रेड दर्शवितात. समजा, घरापासून १७ मीटरवर एक जुना माड आहे. सपाट जमिनीवर बुंध्यापासून २० मीटर दूर उभे राहून शेंड्याचा कोन मोजला, तो ४० अंश भरला. डोळ्याची उंची दीड मीटर. यंत्र अंशांवर असेल तर माडाची उंची सुमारे १८.३ मीटर येते. म्हणजे माड घराकडे कोसळल्यास घरावर येणार. यंत्र रेडियनवर असेल तर उत्तर ऋण येते आणि चूक तत्काळ ध्यानी येते. परंतु ते ग्रेडवर असेल तर उंची १६ मीटर दिसते! आकडा संभाव्य वाटतो, घर सुरक्षित भासते आणि आपण निर्धास्त होतो. उघड दिसणारी चूक त्रास देते. खरा घात करते ती पटण्याजोगी चूक.

यावर उपाय सोपा आहे. काम आरंभण्यापूर्वी ३० ची साइन काढून पाहावी. उत्तर ०.५ आले तर यंत्र अंशांवर आहे. उणे ०.९८८ आले तर रेडियनवर आणि ०.४५४ आले तर ग्रेडवर आहे, असे समजावे.

आणखी दोन गोष्टी. ४० अंश ३० मिनिटे म्हणजे ४०.३० नव्हे, तर ४०.५, मिनिटांना ६० ने भागावे लागते. तसेच बहुतेक यंत्रांत केवळ एकक बदलल्याने पडद्यावरील आकडा आपोआप रूपांतरित होत नाही. अंशांचे रेडियन करण्यासाठी पायने गुणून १८० ने भागावे. ग्रेड करण्यासाठी १० ने गुणून ९ ने भागावे.

शिक्षकांना माझी विनंती आहे की, उत्तर तपासण्यापूर्वी विद्यार्थ्याच्या यंत्रावरील ते अक्षर तपासावे. यंत्र आकडेमोड करते. प्रश्न कोणत्या एककात विचारला, हे पाहणे आपलेच काम आहे.