कारखाना कोणाचा?

कारखान्याच्या दारावर मालकाच्या नांवाची पाटी असते. तेव्हां कारखाना कोणाचा हा प्रश्न विचारण्याचें कारणच काय, असें कोणासहि वाटेल. ज्यानें भांडवल घातलें त्याचा कारखाना, हें उत्तर व्यवहाराला दीर्घकाळ पुरेसें वाटत आलें. परंतु थोडें खोल गेलें म्हणजे या उत्तराचा अपुरेपणा ध्यानांत येतो. भागधारकानें पैसा घातला, तर कामगारानें आयुष्याचीं वर्षें घातलीं. कापूस पिकविणारा शेतकरी, कापड विकत घेणारें गिऱ्हाईक, कर्ज देणारी पेढी, कर घेणारें सरकार, आणि ज्या गांवची जमीन व ज्या नदीचें पाणी कारखाना वापरतो तें गांव, या साऱ्यांचें कांहीं ना कांहीं त्यांत गुंतलेलें असतें. अशा सर्वांस धंद्याचे हितसंबंधी म्हणतात.

पश्चिमेकडे या विषयावर पुष्कळ वाद झाला आहे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनीं १९७० सालीं असें प्रतिपादन केलें कीं, नियमांच्या मर्यादेंत राहून नफा वाढविणें हीच धंद्याची सामाजिक जबाबदारी होय. उलटपक्षीं, धंद्याशीं ज्यांचा ज्यांचा संबंध पोंचतो त्या सर्वांचें हित सांभाळणें हेंच धंदा चालविण्याचें खरें काम, असा विचार एडवर्ड फ्रीमन यांनीं १९८४ सालच्या आपल्या ग्रंथांत मांडला. परंतु हा वाद ग्रंथांत शिरण्यापूर्वीं कितीतरी वर्षें आजच्या महाराष्ट्राच्या भूमीवर प्रत्यक्ष घडून गेला आहे. एकाच उद्योगघराण्याच्या इतिहासांतील दोन उदाहरणांवरून तो चांगला समजतो.

जमशेटजी टाटा यांनीं नागपुरास काढलेली एंप्रेस मिल १८७७ सालच्या १ जानेवारीस सुरू झाली. त्याच दिवशीं व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली, आणि त्यावरून गिरणीस हें नांव मिळालें. कापूस जेथें पिकतो तेथेंच गिरणी काढावी, असा त्यांतला हिशेब होता. हिशेब बरोबर होता. पण माणसें गिरणीच्या शिस्तीला रुळलेलीं नव्हतीं. आज कामावर आलेला मनुष्य उद्यां येईलच, असा भरंवसा नसे. अशा वेळीं दंडाचा बडगा उगारणें हा सोपा उपाय. जमशेटजींनीं दुसरा मार्ग धरला. गिरणींत हवा खेळती राहावी, तिच्यांत योग्य तेवढाच दमटपणा असावा, अशी व्यवस्था त्यांनीं केली. १८८६ सालीं निवृत्तिवेतनाचा निधि निघाला, आणि १८९५ सालीं अपघातांत सांपडलेल्या कामगारास भरपाई देण्याची पद्धत सुरू झाली. कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा हिंदुस्थानांत १९२३ सालीं झाला, म्हणजे या गिरणीनें तो मार्ग २८ वर्षें आधीं चोखाळला होता. यांत दया असेल. पण केवळ दया नव्हती. कामगार सुखी तर काम चोख, हा धंद्याचाच विचार त्यांत होता.

आतां दुसरें चित्र. जमशेटजी १९०४ सालीं निवर्तले. सह्याद्रीवरचें पावसाचें पाणी अडवून त्यावर वीज तयार करावी आणि ती मुंबईस पुरवावी, ही त्यांची कल्पना त्यांच्या मागून सिद्धीस गेली. खोपोलीचें वीजघर १९१५ सालीं चालूं झालें. पुढें पुणें जिल्ह्यांत मुळशी येथें नीला व मुळा या नद्यांच्या संगमाजवळ मोठें धरण बांधण्याचें ठरलें. गिरण्या विजेवर चालणें हें मुंबईच्या हिताचें होतें, यांत शंका नाहीं. भागधारकांचें, गिरणीवाल्यांचें आणि शहराचें अशीं सारीं हितें एका बाजूस जुळलीं होतीं. दुसऱ्या बाजूस होते मावळचे शेतकरी आणि त्यांचीं आंबेमोहोराचीं भातखाचरें. १८९४ च्या कायद्यान्वयें सरकार कंपनीसाठीं जमीन घेऊं शकत असे, आणि ती कसणाऱ्याची संमति ही त्या कायद्याची अट नव्हती.

१९२१ सालच्या रामनवमीस, १६ एप्रिल रोजीं, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. सेनापति बापट, विनायकराव भुस्कुटे आदि मंडळी त्याच्या अग्रभागीं होती. ‘जान किंवा जमीन’ ही मावळ्यांची घोषणा होती. बायकापुरुष धरणाच्या कामावर जाऊन बसले व तुरुंगांत गेले. परंतु सुमारें तीन वर्षांनीं लढा मावळला, धरण पुरें झालें आणि १९२७ सालीं घाटाखालीं भिरा येथील वीजघर चालूं झालें. जमिनीची भरपाई दिली गेलीच नाहीं, असें नाहीं. पण पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गुंतलेल्या होत्या. कागदावर ज्याचा हक्क, त्याला पैसा घेऊन मोकळें होणें सोईचें होतें. ज्याचा घाम त्या मातींत मुरला होता, त्याचा हिशेब मात्र पैशांत मांडतां येण्याजोगा नव्हता.

हीं दोन चित्रें शेजारीं ठेवलीं म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. नागपुरास हितसंबंधी कारखान्याच्या भिंतीच्या आंत होता. त्याच्यावांचून चातें फिरत नव्हतें. मुळशीस तो भिंतीच्या बाहेर होता. त्याच्यावांचून कांहींच अडत नव्हतें, किंबहुना तो दूर झाल्यानेंच काम पुढें सरकणार होतें. ज्याच्यावांचून अडतें त्याचें हित पाहणें हें शहाणपण. ज्याच्यावांचून अडत नाहीं त्याचेंहि हित पाहणें, ती जबाबदारी.

ही जबाबदारी केवळ मालकाच्या सद्बुद्धीवर सोडूं नये, असें पुढें कायद्यासहि वाटूं लागलें. २०१३ सालच्या भूमिसंपादन कायद्यानें १८९४ चा कायदा रद्द केला. खासगी कंपनीसाठीं जमीन घ्यावयाची तर ज्यांची जमीन जाते अशा बाधित कुटुंबांपैकीं ८० टक्क्यांची संमति हवी, अशी अट त्यानें घातली, आणि बाधितांत कुळें, शेतमजूर व कारागीर यांनाहि गणलें. मुळशीच्या मावळ्यांनीं मागितलेला मान असा सुमारें ९० वर्षांनीं कायद्याच्या पुस्तकांत उमटला. त्याच सालच्या कंपनी कायद्यानें मोठ्या कंपन्यांस मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यापैकीं निदान २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करण्याचें बंधन घातलें. तें १ एप्रिल २०१४ पासून अमलांत आलें.

मात्र या २ टक्क्यांनीं एक भ्रमहि उत्पन्न होण्याचा संभव आहे. शाळेस इमारत बांधून दिली म्हणून नदींत सोडलेलें सांडपाणी शुद्ध होत नाहीं. दवाखान्यास देणगी दिली म्हणून मजुराची बुडविलेली मजुरी फिटत नाहीं. केवळ आपल्या नोकरांच्या सुखसोयींवर केलेला खर्च कायदाहि या २ टक्क्यांत धरूं देत नाहीं, आणि तें योग्यच आहे. कारण तें दान नसून देणें आहे. देणें आधीं फेडावें आणि मग दान करावें, हा साध्या गृहस्थाचा धर्म, तोच कंपनीचाहि.

श्रोत्यांपैकीं कित्येकांनीं कोणत्या ना कोणत्या कंपनीचे भाग घेतले असतील. वर्षअखेरीस नफ्याचा आंकडा पाहतांना, तो मिळवितांना कोणाचें काय गेलें, एवढें एकदां विचारलें तरी पुष्कळ होईल. भागधारकाचा प्रश्न कंपनीला ऐकावा लागतो. मुळशीच्या शेतकऱ्याचा तिला ऐकावा लागला नव्हता.