घाटातील सात वर्षे

(कल्याण येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांच्यासमोर केलेले भाषण)



आपल्यापैकी बरेच जण आज आगगाडीने कल्याणला आले असतील. गाडीला थोडा उशीर झाला की आपण अस्वस्थ होतो. ते स्वाभाविक आहे. परंतु हा लोहमार्ग पुढे घाटावर जायला किती काळ लागला, हे आज मुद्दाम आठवावेसे वाटते.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत पहिली गाडी धावली. १ मे १८५४ रोजी खाडी व पारसिकचा डोंगर ओलांडून ती कल्याणला पोहोचली. आता पुणे दूर नाही, असे त्या वेळी अनेकांना वाटले असेल. पण पुढे सह्याद्री उभा होता. बोरघाटाचे काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि मार्ग खुला झाला तो २१ एप्रिल १८६३ रोजी. सुमारे २५ किलोमीटरच्या चढणीसाठी २५ बोगदे खोदावे लागले. कातळ कठीण आणि पावसाळ्यात काम जवळजवळ बंद. पहिल्या कंत्राटदाराच्या हातून काम पुरे झाले नाही. १८५९ मध्ये आलेले सॉलोमन ट्रेडवेल थोड्याच दिवसांत वारले. त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी ते कंत्राट तडीस नेले. मुख्य अभियंता जेम्स बर्कले १८६२ मध्ये निवर्तले. घाट चढणारी गाडी त्यांना पाहता आली नाही.

यातून काय घ्यावे? पहिली गोष्ट ही की, धीर धरणे म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे. १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत आणि १८५८ मध्ये पुण्याहून खंडाळ्यापर्यंत गाडी सुरू झाली. मधला घाट प्रवासी पालखीतून वा तट्टावरून ओलांडीत. जेवढे तयार झाले, तेवढे लोकांच्या उपयोगी पडू लागले. आपल्या योजनांतही हा टप्प्याटप्प्याचा विचार हवा.

दुसरी गोष्ट, काम पुरे झाले म्हणजे जबाबदारी संपत नाही. घाटातील एक मोठा पूल १८६७ च्या पावसाळ्यात कोसळला व तो पुन्हा बांधावा लागला. बंधारा असो वा शाळेची इमारत, उद्घाटनानंतरची देखभाल हाही त्याच कामाचा भाग आहे.

तिसरी गोष्ट सांगताना मन जड होते. या घाटात हजारो मजूर राबले. पटकीने आणि अपघातांनी त्यांतील कित्येकांचे प्राण घेतले. त्यांची नावे कोठेही कोरलेली नाहीत. परकीय सत्तेला तो मार्ग व्यापारासाठी आणि लष्करासाठी हवा होता. त्याची किंमत या माणसांनी मोजली. म्हणून, दुसऱ्याला “धीर धरा” असे सांगण्यापूर्वी त्या धीराचा भार कोणावर पडतो, हे पाहणे आपले कर्तव्य आहे. पाण्याचा हंडा घेऊन रोज दूरवर जाणाऱ्या बाईला पाच वर्षांनी होणारी योजना सांगून भागत नाही. तिची आजची सोयही करावी लागते.

पंचायतीची मुदत पाच वर्षांची असते. आज लावलेली झाडे सावली देऊ लागतील, तेव्हा आपल्या खुर्चीवर दुसरे कोणी असेल. पहिलीत आलेले मूल कर्ते होईपर्यंत त्याचे गुरुजी निवृत्त झालेले असतील. तरीही आजचे काम आजच करावयाचे असते, आणि त्याची नोंद अशी ठेवावयाची की पुढच्या माणसाला तेथूनच पुढे जाता यावे.

परतीच्या गाडीत बसाल तेव्हा एवढे स्मरावे, ही विनंती.