हरितगृहातली हवा

हरितगृह हे मूळचं थंड मुलखातलं. तिकडे काचेआड ऊब कोंडून ठेवायची असते. आपल्याकडे उन्हाला काय तोटा? इथं प्रश्न ती ऊब बाहेर काढण्याचा. म्हणून कर्ज काढून सांगाडा उभारण्याआधी, पॉलिथिनचा कागद २०० मायक्रॉनचा आहे का हे विचाराच, पण त्याच्याही आधी विचारा, "माथ्यावरची खिडकी कुठं?" तापलेली हवा हलकी होऊन वर चढते. तिला वाट हवी, आणि त्या वाटेची वाऱ्याकडे पाठ हवी. म्हणजे वाहता वारा आतली हवा ओढून नेतो. आपला पावसाळी वारा पश्चिमेचा, म्हणून तोंड पूर्वेला. नुसते बाजूचे पडदे वर करून भागत नाही. तिथं किडीसाठी बारीक जाळी असते, ती वाराही अडवते.

आता फवारे. पाण्याची वाफ होताना ते हवेतली उष्णता घेतं. वाळ्याचा पडदा तेच करतो. मात्र हवा कोरडी हवी. दोन तापमापक टांगा, एकाच्या फुग्याला ओली चिंधी गुंडाळा. वैशाखात मराठवाड्यात कोरडा ३८ अंश दाखवतो, तेव्हा ओला २१-२२ वर असू शकतो. ओल्याच्या आकड्याखाली पाण्यानं हवा उतरत नाही. आषाढात तळेगाव दाभाड्याच्या गुलाबमळ्यांत हा फरक एक-दोन अंशांवर येतो. तेव्हा फवारा सोडलात तर गारवा नाहीच, कळ्यांवर बुरशी मात्र धरते. त्या दिवसांत फवारे बंद ठेवावेत, खिडक्या उघड्या, आणि पानं दिवस मावळण्याआधी कोरडी झालेली असावीत.