ऑस्ट्रियाचे संयुक्त सरकार



शाळेच्या इतिहासात ऑस्ट्रिया भेटतो तो पहिल्या महायुद्धापुरता. राजपुत्राचा खून झाला की हा देश पानाआड होतो. मी आपणांस त्याची पुढील हकिकत सांगणार आहे.

फेब्रुवारी १९३४ मध्ये कॅथॉलिक पुराणमतवाद्यांच्या सरकारने व्हिएन्नातील कामगारांच्या चाळींवर तोफा डागल्या. समाजवादी पक्षावर बंदी आली. पुढे चार वर्षांनी हिटलर आला व त्याने दोघांनाही उचलले. १ एप्रिल १९३८ रोजी डाखाऊच्या छळछावणीकडे निघालेल्या कैद्यांत शेतकऱ्यांचे पुढारी लिओपोल्ड फिगल होते, तसेच समाजवादी कामगार पुढारी फ्रान्झ ओलाहही होते.

नोव्हेंबर १९४५ च्या निवडणुकीत फिगल यांच्या पीपल्स पार्टीला १६५ पैकी ८५ जागा मिळाल्या. त्यांना एकट्याने राज्य करता आले असते. परंतु देशात चार परकीय फौजा आणि घरोघर उपासमार! त्यांनी ७६ जागांच्या समाजवाद्यांना सोबत घेतले. अवघ्या ४ जागांच्या कम्युनिस्टांनाही एक खाते दिले. कम्युनिस्ट १९४७ मध्ये बाहेर पडले, पण दोन मोठे पक्ष १९६६ पर्यंत एकत्र नांदले. मंत्रिमंडळात एकमताशिवाय ठराव होत नसे. मग वाद घाला, रात्री जागवा, पण उठून जायचे नाही. १५ मे १९५५ रोजी स्वातंत्र्याच्या तहावर देशातर्फे सही केली ती परराष्ट्रमंत्री फिगल यांनीच.

आता दुसरी बाजू. दोन पक्षांनी सरकारी कारखान्यांतील नोकऱ्यासुद्धा आपसांत वाटून घेतल्या. कार्ड नसलेल्याला वाली नव्हता. (हे ऐकून आपल्यापैकी काही जण हसले, ते मला कळले.)

याहून गंभीर गोष्ट ज्यूंची. १९३८ पूर्वी तेथे सुमारे दोन लाख ज्यू होते. त्यांतील पासष्ट हजारांच्या आसपास मारले गेले. वाचलेले घरदार परत मागू लागले, तेव्हा १९४८ मध्ये याच मंत्रिमंडळात एका मंत्र्याने सुचविले की, प्रकरण लांबवावे. समझोत्याच्या मेजाभोवती दोन्ही वैऱ्यांना खुर्ची होती; ज्यूंच्या वतीने बसणारा कोणी नव्हता. उलट, माजी नाझींची मते लाखोंनी होती आणि १९४९ पासून ती दोन्ही पक्षांना हवी होती.

नाझी गुन्ह्यांत ऑस्ट्रियन लोकांचाही वाटा होता, हे चॅन्सेलर फ्रान्झ व्रानित्स्की यांनी संसदेत उघडपणे कबूल केले, ते १९९१ साली.