वाघिणीचं माप
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला बजावलं होतं, नोकरीवर बोलू नकोस, छंदावर बोल. बरंच झालं. सॉफ्टवेअरमध्ये मी नेमकं काय करते हे वीस वर्षांत माझ्या आईलाही नीट कळलेलं नाही. छंदाचं तसं नाही, तो हातात धरून दाखवता येतो. मी मालगाडीच्या जुन्या वाघिणींच्या मापाबरहुकूम प्रतिकृती करते.

वाघीण म्हटल्यावर मागच्या रांगेतून हसू आलं, ते अपेक्षितच होतं. इंग्रजी 'वॅगन' मराठी माणसाच्या तोंडी आली आणि तिची वाघीण झाली. आजही वर्तमानपत्रात 'मालगाडीच्या सहा वाघिणी घसरल्या' असं छापून येतं आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. मला हा शब्द आवडतो, कारण डब्यापेक्षा त्यात रुबाब आहे.

मला नेहमी विचारतात, इंजिन सोडून वाघीण कशाला? इंजिनांची काळजी घ्यायला पुष्कळ लोक आहेत. १९२८-२९ च्या सुमारास स्वित्झर्लंडमधून आपल्या घाटासाठी विजेची मालगाडी इंजिनं आली. त्यांना रेल्वेची माणसं 'खेकडा' म्हणायची. त्यातला एक खेकडा आज दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात दिमाखात उभा आहे. पण त्याच्या मागून जी शेकडो वाघिणींची रांग गेली, तिचं काय झालं? ती भंगारात गेली. एकसारख्या, मळकट तांबड्या, रोज दिसणाऱ्या वस्तूचा फोटो कोण काढतो?

आपल्या गावातून ही रांग फार जुन्या काळापासून जाते. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी सुरू झाली, १८५४ मध्ये ती कल्याणला पोचली आणि १८५६ मध्ये आपल्या बाजूने खोपोलीपर्यंत. १८६३ साली बोरघाट चढून रूळ वर गेले. या सगळ्यामागे दख्खनचा कापूस मुंबई बंदरात आणायची घाई मोठी होती. म्हणजे हा मार्ग जितका माणसांसाठी, तितकाच मालासाठी बांधला गेला. पुढे अंबरनाथला विम्कोचा काडेपेटीचा कारखाना आला, ऑर्डनन्स फॅक्टरी आली. आपल्यापैकी निम्म्यांचे वडील यातल्या कुठल्या तरी एका गेटातून आत जात, उरलेल्यांपैकी बरेच रेल्वेत होते.

मी करते ती वाघीण प्रामुख्याने चार चाकांची, बंद, लोखंडी. दोन्ही टोकांना बफर, मधे हाताने आवळायचं स्क्रू कपलिंग, खाली व्हॅक्यूम ब्रेकचं नळकांडं. १९८० च्या दशकात आठ चाकांच्या, एअर ब्रेकच्या बॉक्सएन वाघिणी आल्या. नावातला 'बी' बोगीचा, 'ओ' उघड्या डब्याचा, 'एन' एअर ब्रेकचा. त्याच सुमारास रेल्वेचा भर अख्खी गाडी एका ठिकाणाहून भरून एकाच ठिकाणी नेण्यावर आला. ५८ वाघिणी आणि मागे गार्डचा डबा, असा पूर्ण रेक. दोन-चार वाघिणी मागवणारा लहान कारखाना ट्रककडे वळला, यार्डातलं शंटिंग ओसरलं आणि चार चाकांची वाघीण हळूहळू दिसेनाशी झाली. आपण दहावीच्या क्लासला जात होतो, त्याच वर्षांत हे घडत होतं.

आता ती करायची कशी ते सांगते.

जगात सर्वांत प्रचलित प्रमाण आहे १:८७, त्याला एचओ म्हणतात. खरी वस्तू सत्त्याऐंशी पट लहान करायची. या मापात साडेपाच फुटी माणूस १९ मिलिमीटरचा होतो आणि सुमारे १०.७ मीटरची बॉक्सएन १२.३ सेंटिमीटरची. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी उभारलेलं लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून आहे. तिथली लघुनगरी याच प्रमाणातली. मुलांना घेऊन जरूर जा.

पण भारतीय वाघीण करायला बसलं की पहिल्याच दिवशी अडचण येते. बाजारात मिळणारे एचओचे रूळ एकमेकांपासून १६.५ मिलिमीटरवर असतात, कारण ते युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटरच्या रुळांवरून काढले आहेत. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. लॉर्ड डलहौसींना सहा फूट हवे होते, रेल्वे कंपनीला चार फूट साडेआठ इंच, आणि शेवटी साडेपाच फुटांवर ठरलं. या तडजोडीची किंमत पावणेदोनशे वर्षांनी माझ्यासारखीला मोजावी लागते. १:८७ मध्ये आपले रूळ १९.२६ मिलिमीटरवर हवेत. तयार रुळांवर ठेवली तर आपली वाघीण खऱ्या मापात २४ सेंटिमीटरने अरुंद रुळांवर उभी राहते. पाहणाऱ्याला कारण कळत नाही, पण ती लेकुरवाळी बाई लहान स्टुलावर बसल्यासारखी दिसते.

यावर दोन उपाय आहेत. एक, १:८७ च धरायचं आणि रूळ स्वतः हाताने १९.२६ वर बसवायचे. दुसरा, वाघीणच १:१०० प्रमाणात करायची. मग तेच तयार १६.५ मिलिमीटरचे रूळ १६५० मिलिमीटरचे ठरतात आणि फरक जेमतेम २६ मिलिमीटर उरतो. मी पहिला घेते, कारण माझ्याकडची चाकं, माणसं, सिग्नल १:८७ चे आहेत. दुसरा घेणाराही चूक नाही. आपण कशाशी प्रामाणिक राहायचं हे आधी ठरवावं लागतं, कारण सगळ्यांशी एकदम राहता येत नाही.

वजनाचंच पाहा. लांबी ८७ ने भागायची, पण वजन ८७ गुणिले ८७ गुणिले ८७, म्हणजे साडेसहा लाखांहून मोठ्या संख्येने. साडेबावीस टनांची रिकामी बॉक्सएन या हिशेबाने फक्त ३४ ग्रॅमची. एवढी हलकी वाघीण वळणावर टिकत नाही. अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने एचओसाठी घालून दिलेलं कोष्टक आहे: एक औंस, अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. त्याप्रमाणे तिला ९५ ग्रॅमच्या आसपास वजन लागतं. म्हणजे जवळजवळ तिप्पट. माप खरं ठेवायचं तर वजन खोटं करावं लागतं.

जाडीचंही तसंच. पाच मिलिमीटरचा पत्रा १:८७ मध्ये ०.०६ मिलिमीटर होतो. वहीचं पान साधारण ०.१ मिलिमीटर असतं, म्हणजे पत्रा कागदाहून पातळ हवा. तसा डबा उभाच राहणार नाही. म्हणून अर्धा मिलिमीटरची प्लॅस्टिक शीट वापरायची आणि जिथे कड डोळ्याला दिसते, दरवाजाच्या फटीत किंवा छपराच्या कडेला, तेवढीच कानशीने पातळ करायची. दोन सेंटिमीटर रुंद रिव्हेटचं डोकं पाव मिलिमीटरहून कमी भरतं. शीटच्या मागून बोथट सुईने टोचलं की समोर बरोबर तसा उंचवटा येतो. एका बाजूला शेकडो. आता माझ्याकडे थ्रीडी प्रिंटर आहे आणि ड्रॉइंग संगणकावर करते, पण यंत्र फक्त मी सांगितलेलं माप छापतं. माप कुठून आणायचं हा प्रश्न तसाच राहतो.

आणि तिथे मला आपली शाळा उपयोगी पडली. आपल्या चित्रकलेच्या सरांनी इंटरमीजिएटसाठी वस्तूचे समोरून, बाजूने, वरून असे तीन देखावे काढून घेतले होते, तेच मी आज करते. भूमितीच्या बाईंनी तर जन्मभराची सवय लावली. प्रमेय लिहिताना पक्ष, साध्य, सिद्धता. बाई म्हणायच्या, पक्षात नाही ते सिद्धतेत आणू नका. माझ्या प्रत्येक वाघिणीची वही तशीच आहे. पहिल्या रकान्यात प्रत्यक्ष मोजलेलं, दुसऱ्यात त्यावरून काढलेलं, तिसऱ्यात अंदाजाने धरलेलं. तिन्हींची सरमिसळ करायची नाही.

जी वाघीण आता उभीच नाही, तिची मापं जुन्या फोटोतून काढावी लागतात. फोटो समोरून असेल आणि रूळ दिसत असतील, तर पट्टी मिळालीच: रुळांमधलं अंतर १६७६ मिलिमीटर. फोटो बाजूने असेल तर बफरचा मध्य पाहायचा. रिकाम्या वाघिणीत तो रुळाच्या माथ्यापासून जास्तीत जास्त ११०५ मिलिमीटरवर असतो आणि भरलेली असली तर थोडा खाली बसतो. एवढ्या एका आकड्यावरून दरवाजाची उंची, छपराचा उतार, पायरीची जागा काढता येते.

मग अंगावरची अक्षरं. प्रकार, क्रमांक, रिकामं वजन, क्षमता, शेवटची मोठी दुरुस्ती कुठल्या वर्कशॉपमध्ये आणि कधी झाली, हे सगळं पेंटर रंगवून ठेवत. यावरून साल पकडता येतं. हल्लीच्या वाघिणींचा क्रमांक अकरा अंकी असतो: दोन अंक प्रकाराचे, दोन मालक रेल्वेचे, दोन बांधणीच्या वर्षाचे, चार अनुक्रमाचे आणि अकरावा पडताळ्याचा. सम स्थानांवरच्या अंकांची बेरीज तिप्पट करा, तीत विषम स्थानांवरची बेरीज मिळवा, पुढच्या दहाच्या पटीला जेवढे कमी पडतात तो शेवटचा अंक. दुकानातल्या बारकोडचीही हीच रीत. बॉक्सएनवर मी हा अंक पडताळून लिहिते. जुन्या चारचाकीवर मात्र अकरा अंकी क्रमांक घातला तर ते पेशव्यांच्या मनगटावर घड्याळ बांधल्यासारखं होईल.

आकड्यांच्या पलीकडचं एक मला एका माणसाकडून मिळालं. आपल्याच वर्गातल्या एका मैत्रिणीचे वडील मालगाडीवर गार्ड होते. आता त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण काकांना गार्डच आवडायचं. त्यांना मी तयार झालेली चारचाकी दाखवायला नेली. त्यांनी चष्मा लावून ती खालून-वरून पाहिली आणि विचारलं, "पोरी, ही चालली कुठे?" मला प्रश्न कळला नाही. मग त्यांनी सांगितलं की प्रत्येक वाघिणीच्या अंगावर लेबल अडकवायची क्लिप असायची, त्यात कुठून कुठे लिहिलेला कागद, आणि शंटिंगवाल्यांच्या सोयीसाठी खडूने मोठ्या अक्षरात स्टेशनचं नाव. "बिनलेबलची वाघीण यार्डात पडून राहते," ते म्हणाले.

मी विचारलं, "काका, मग हिच्यावर काय लिहू?" त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "नागपूर लिही. लांब जाऊ दे."

त्यानंतर दोन दुपारी त्यांनी मला बरंच सांगितलं. घाट उतरण्यापूर्वी ब्रेक कसे तपासत, चढताना कर्जतहून मागे बँकर इंजिनं लागली की धक्का कसा जाणवे, पावसात गार्डच्या डब्यात कंदील कुठे टांगत. हे कुठल्याही ड्रॉइंगमध्ये नाही. माझ्या वहीत चौथा रकाना त्या दिवशी सुरू झाला, 'सांगितलेलं'. गेल्या पावसाळ्यात काका गेले.

म्हणून आज तुमच्याकडे एक मागणं आहे. आपल्या सर्वांच्या घरी जुन्या फोटोंची एक पत्र्याची पेटी असते आणि घर बदलताना, रीडेव्हलपमेंटच्या गडबडीत ती रद्दीत जाते. ती एकदा उघडा. वाघिणीचा फोटो म्हणून कुणी काढलेला नसेलच. पण वडिलांच्या निवृत्तीच्या दिवशी हार घातलेले सहकारी यार्डात उभे असतील, त्यांच्या मागे अर्धी वाघीण असेल. सहलीला निघालेली आपली बहीण प्लॅटफॉर्मवर उभी असेल आणि पलीकडच्या रुळावर मालगाडी थांबलेली असेल. मला ती मागची अर्धी वाघीण हवी आहे. फोटो कापू नका, त्यावर पेनाने लिहू नका, स्कॅन करा आणि मूळ प्रत घरीच ठेवा. मागे तारीख, स्टुडिओचा शिक्का असेल तर तोही स्कॅन करा.

आणि घरात कुणी रेल्वेत, विम्कोत, ऑर्डनन्समध्ये मालाच्या चढउताराशी संबंधित असतील, तर त्यांच्याजवळ तासभर बसा. काय भरायचे, दरवाजा कुठल्या बाजूने उघडायचे, एका वाघिणीला किती माणसं लागायची, हे विचारा आणि त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. आठवत नसेल ते आठवत नाही असंच लिहा. मला तेही उपयोगी आहे.

मेळाव्याच्या संयोजकांनी हे सगळं गोळा करायला होकार दिला आहे. माझ्या टेबलावरची पुढची वाघीण अजून नुसती पांढरी शीट आहे. तिचं माप तुमच्यापैकी कुणाच्या तरी पेटीत असेल.